एकही सोंगटी न मारता

१

दुपारी दार लावून घेतलं की बुद्धघोष लोंढे आधी पंखा बंद करायचा. पंख्याच्या घरघरीत मॉडेमचं किरकिरणं नीट ऐकू येत नसे, आणि लाइन लागली की नाही हे त्याला त्या किरकिरण्यावरूनच कळायचं. मग तो घाम पुसत खुर्ची पुढं ओढायचा आणि बुद्धिबळाला बसायचा.

नव्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. बारामतीत इंटरनेट असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. बुद्धघोष इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होता. कॉलेज सकाळचं असे. दुपारच्या जेवणापर्यंत तो एसटीनं बारामतीला परत यायचा. बायको अंजली तहसील कचेरीत कारकून, ती संध्याकाळी यायची. पाच वर्षांची छकुली बालवाडीतून आली की शेजारच्या द्वारकाबाईंकडे जेवायची आणि तिथंच खेळायची. दुपार त्याची एकट्याची असे.

परदेशातल्या एका सर्व्हरवर जगभरचे हौशी खेळाडू जमायचे. तिथं बुद्धघोषचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण त्याचा खेळ ओळखीचा झाला होता. तो हल्ला करायचा नाही. प्यादी एकमेकांना खेटून उभी करायची, राजा कोपऱ्यात घालायचा आणि समोरचा कंटाळेपर्यंत बसून राहायचं. त्याच्या नावापुढं विजय थोडे होते, हारही थोडी होती, आणि बरोबरी ढिगानं. एक गोष्ट मात्र त्यानं कधीच केली नव्हती. हरत आला तरी तो मात होईपर्यंत खेळायचा. डाव सोडायचा नाही. समोरचे चिडून काहीबाही लिहायचे, पण त्याच्यावर ढिम्म परिणाम होत नसे.

हे त्याच्या वडिलांकडून आलेलं होतं. शेळगावात पुठ्ठ्याच्या पटावर शिकवताना ते म्हणायचे, "मार खा, पर आपलं घर सोडू नगंस." पटावरच्या चौकोनाला ते घर म्हणत. बुद्धघोषला ते वाक्य पटाबाहेरही उपयोगी पडलं होतं. बारामतीत भाड्यानं जागा शोधताना आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. मग जागा नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. शेवटी कळंबच्या बाजीराव तात्यांनी काही न विचारता हे घर दिलं. जुळं घर होतं ते. मधे एक भिंत, दोन बाजूंना दोन दारं. एका बाजूला लोंढे, दुसऱ्या बाजूला कुलूप.

२

तो खेळाडू पहिल्यांदा आला तेव्हा बुद्धघोषनं सवयीनं त्याची कारकीर्द काढून पाहिली. नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची रांग, उच्चारच होत नव्हता. विजय शून्य, हार शून्य, बरोबरी शून्य. नवखा असेल असं त्याला वाटलं. पण खाली अर्धवट राहिलेल्या डावांची यादी होती, आणि ती पानामागून पान सरकतच राहिली. प्रत्येक डाव मधेच तुटलेला. समोरच्या खेळाडूंपैकी कुणीही त्यानंतर सर्व्हरवर आलेलं नव्हतं.

लाइन तुटत असेल, असं म्हणून त्यानं खेळायला घेतलं.

विसाव्या चालीच्या आसपास त्याच्या लक्षात आलं की समोरचा काहीच मारत नाही. मारायला मोहरा समोर असला तरी तो बाजूनं पुढं सरकायचा. प्यादं आणून लावायचा. उंट असा ठेवायचा की बुद्धघोषच्या घोड्याला उडायला घर उरू नये. बुद्धघोषनं चिडून त्याचं एक प्यादं मारलं, तर मारणारा घोडाच तिथं अडकला. परतीची सगळी घरं बंद झाली होती. शह नाही, धमकी नाही. फक्त एकेक घर जात होतं.

समोरच्याची चाल यायच्या आधी दर वेळी कुठंतरी खुर्ची सरकल्याचा आवाज होई. बुद्धघोषला वाटलं, द्वारकाबाईंकडे फरशी धुताहेत.

मग लाइन तुटली. डाव अर्धवट राहिला. सर्व्हरचा नियम असा की राहिलेला डाव दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं चालू करता येई. उठायला म्हणून त्यानं खुर्ची मागं ढकलली, तर ती भिंतीला आपटली.

रोज तो खुर्ची मागं ढकलून, तिला वळसा घालून बाहेर यायचा. आज त्याला खुर्ची आणि भिंत यांच्यामधून अंग चोरून निघावं लागलं.

३

अंजलीनं टेबल हलवलं असेल, असं तो धरून चालला. संध्याकाळी विचारलं तर ती म्हणाली, टेबलाला मी हात कशाला लावू.

दोन-तीन दुपारी आणखी काही चाली झाल्या. मग लोखंडी कपाटाचं दार पलंगाला अडायला लागलं. पूर्वी ते पुरतं उघडून भिंतीला टेकायचं, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण दाराच्या आतल्या आरशात तो दाढी करायचा. आता दार हातभर उघडून थांबायचं. अंजली त्या फटीतून हात घालून साडी काढत होती. सहज, न बघता, वर्षानुवर्षं तसंच करत असल्यासारखी.

"हे दार असं कधीपासून अडतंय?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता ना, कपाट मोठं घेतलं म्हणून."

तो असं काही म्हणाला नव्हता.

गणिताचा माणूस तो. दुसऱ्या दिवशी खाली बसून त्यानं शहाबादी फरशा मोजल्या. घर घेतलं तेव्हा सामान कसं बसेल ते पाहायला मोजल्या होत्या, तेवढ्याच भरल्या. एकही कमी नाही, एकही तुटकी नाही. त्याला हायसं वाटलं. मग उठताना त्याचं लक्ष आपल्या पावलाकडं गेलं. एका फरशीवर त्याचं पाऊल आरामात मावून वर जागा उरायची. आता टाच फरशीच्या कडेला लागली होती आणि बोटं पुढच्या फरशीवर गेली होती.

दमट हवेनं लाकूड फुगतं, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण फेब्रुवारीत बारामतीची हवा कोरडी ठणठणीत होती, आणि दगड फुगत नाही. बरं, इथं फुगलं काहीच नव्हतं.

४

खुर्ची सरकल्याचा आवाज द्वारकाबाईंकडून येत नव्हता. त्यांचं घर डावीकडं. आवाज उजवीकडून, कुलूपबंद बाजूच्या भिंतीतून येई. आधी खुर्ची सरके, मग थोड्या वेळानं पडद्यावर चाल उमटे.

आठवडाभरात तो आवाज बदलला. सुरुवातीला तो शेजारच्या खोलीतून यावा तसा यायचा. मग त्याला पोकळपणा आला. रिकाम्या गोदामात कुणी पाट ओढावा आणि तो आवाज लांबच्या भिंतीवर जाऊन परत यावा, तसा. दर दिवशी परत यायला त्याला किंचित जास्त वेळ लागायचा. इकडं मात्र स्वयंपाकघरात जाताना बुद्धघोषचे खांदे चौकटीला घासायला लागले होते.

त्यानं चार दिवस कॉम्प्युटर लावला नाही. घर जसं होतं तसंच राहिलं. पाचव्या दिवशी त्यानं नुसतं पाहायला म्हणून लाइन लावली, तर निरोप येऊन पडलेला होता. इतके दिवस त्या खेळाडूनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी शब्द.

जागा सोड.

 बुद्धघोषला भीती वाटायला हवी होती, पण राग आला. हे दोन शब्द त्यानं वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या गोड भाषेत बारामतीभर ऐकले होते. त्यानं उत्तरादाखल आपला हत्ती एक घर सरकवला आणि तो खेळत राहिला. रोज खेळत राहिला.

५

अंजलीच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग पडले. छकुलीच्या कोपरांवरही. दोघी दारातून जाताना आपटत होत्या, आणि आपण आपटतोय हे त्यांना कळत नव्हतं. बुद्धघोष बघत होता. अंजली स्वयंपाकघरातून येताना तिचा दंड चौकटीवर थडकायचा, ती क्षणभर डोळे मिटायची आणि बोलणं पुढं चालू ठेवायची.

पण हे बघणारा तो एकटा होता. बाकीच्यांना फक्त डाग दिसत होते.

तो छकुलीला सोडायला गेला तेव्हा द्वारकाबाईंनी त्याला दारात अडवलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "सर, तुमी शिकलेली माणसं. बायकापोरीच्या अंगावर हात टाकता, हे बरं न्हाय."

तो काय सांगणार होता? घर मारतं म्हणून? कचेरीतल्या बायकाही अंजलीला विचारत होत्या, आणि मोरगावहून तिच्या भावाचा फोन आला होता. भाऊ बुद्धघोषशी बोलला नाही.

त्या संध्याकाळी त्यानं अंजलीला समोर बसवून विचारलं की हे डाग कशाचे, तुला काय वाटतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्या नजरेत त्याला ओळख कमी आणि संशय जास्त दिसला.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही त्या मशिनपुढं बसलात की दुसऱ्या दिवशी घरात माझा जीव घुसमटतो. तुम्ही काय करता हो तिथं?"

"खेळतो."

"मग सोडा ना तो खेळ."

"मी कधी डाव सोडलेला नाही, अंजली."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुमच्याशी संसार करते मी." आणि उठून अंग तिरकं करत, एक खांदा पुढं घालून, ती आतल्या खोलीत गेली. छकुली पलंगावर पाय पोटाशी घेऊन झोपली होती. ती पाय पसरून झोपली असती तर ते भिंतीला लागले असते.

६

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो कळंबला गेला. बाजीराव तात्या ओट्यावर बसले होते. समोरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं चालल्या होत्या. त्यानं सरळ दुसऱ्या बाजूच्या खोलीची किल्ली मागितली. तिथं कुणीतरी राहतंय, असं म्हणाला.

तात्यांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्याला दोनदा विचारून घ्यावं लागलं. घर बांधताना ते दोघं भाऊ होते. एका भावाच्या वाट्याचं बांधकाम पायाभरणीतच थांबलं. रस्त्याकडून बोडकं दिसू नये म्हणून पुढची भिंत उठवली, दार बसवलं, कुलूप लावलं. दाराच्या मागं हातभर मोकळी जागा, की लगेच एक आडवी भिंत.

"तितं खोलीच न्हाय, सर," तात्या म्हणाले. "मागं पांदीचं कुंपण लागतंय. कोन ऱ्हाईल तितं?"

"मला आवाज येतात, तात्या. मशिनवर बुद्धिबळ खेळायला बसलो की."

"घुशी असत्याल." त्यांनी आत जाऊन गंजलेली किल्ली आणून दिली. देताना त्यांचा हात थोडा रेंगाळला. "आदीच्या भाडेकरूला बी आसंच वाटायचं. शिकलेला व्हता. त्येच्याकडं बी असलंच मशीन व्हतं का, ते न्हाय मला ठावं. पर खेळायचा तो बी. पत्रानं खेळायचा. कुठल्या कुठल्या देशातनं कार्डं यायची त्येला."

तो भाडेकरू कुठं गेला, असं बुद्धघोषनं विचारलं. तात्यांना सांगता आलं नाही. सामान सगळं तिथंच होतं म्हणाले, आणि दाराला आतून कडी होती.

७

तो परतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. द्वारकाबाई दळण घेऊन निघाल्या होत्या. छकुलीला झोप येत होती म्हणून तुमच्याच घरी निजवलीय, एवढं सांगून, त्याच्याकडं न बघता त्या गेल्या.

घरात जायच्या आधी त्यानं कुलूपबंद दार उघडलं. किल्ली अडेल असं वाटलं होतं, पण ती लोण्यात फिरावी तशी फिरली.

आतून गार हवा आली. हातभरावर भिंत नव्हती. शहाबादी फरशी आत जात होती. मोठमोठ्या फरशा, एकेक पलंगाएवढी. त्या ओळीनं दूरवर गेलेल्या होत्या, जिथं मागच्या पांदीच्या वाटेचं कुंपण असायला हवं त्याच्या कितीतरी पलीकडं. एका बाजूला खिडक्या होत्या. एकीतून दुपारचं ऊन पडलं होतं, तिच्या शेजारच्या खिडकीत काळोख होता, तिसरीच्या काचेवर बाहेरून बर्फ साचला होता. कुणाच्या तरी खिडक्या होत्या त्या. पडदे सगळे वेगवेगळे होते.

अगदी टोकाला एक टेबल होतं आणि त्याच्याशी कुणीतरी पाठमोरं बसलेलं. इतकं लांब की बाई की पुरुष तेही कळू नये.

तेवढ्यात छकुली खोकली. अगदी जवळ, त्याच्या डाव्या हाताला. तिची झोपेतली सवयीची कोरडी ढास होती ती. त्यानं वळून पाहिलं. भिंत होती. आणि खोकला आला होता तो गुडघ्याच्याही खालून, जमिनीलगतच्या एखाद्या पेटीतून यावा तसा.

टोकाला खुर्ची सरकली. तो आवाज त्याच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

दार ओढून घेऊन तो आपल्या घराकडं धावला. दारातून त्याला अंग तिरकं करून शिरावं लागलं. पलंगावर छकुली तोंडात बोट घालून झोपली होती, आणि पलंगाच्या तिन्ही बाजूंना भिंती लागल्या होत्या. कपाट आणि टेबल यांच्यामधून तो कसाबसा कॉम्प्युटरपाशी पोचला. बसायला जागा नव्हती. उभ्यानंच त्यानं लाइन लावली. मॉडेम किरकिरत राहिला आणि तेवढ्या वेळात त्यानं एकदा शेळगावच्या पुठ्ठ्याच्या पटाची माफी मागितली.

पट समोर आला. त्याच्या सगळ्या सोंगट्या जागेवर होत्या, एकही मेलेली नव्हती, आणि एकीलाही हलायला घर नव्हतं. फक्त राजाला एक चाल उरली होती.

त्यानं डाव सोडला.

पडद्यावर निकाल उमटला. त्या खेळाडूच्या नावापुढं पहिल्यांदाच शून्य पुसलं गेलं आणि एक विजय लागला. बुद्धघोषनं श्वास सोडला. भिंती मागं सरतील म्हणून तो त्यांच्याकडं बघत राहिला.

त्या सरल्या नाहीत. भिंतीपलीकडं कुणीतरी उठून उभं राहिलं, आणि चालायला लागलं.

जागा सोड म्हटलं होतं. त्यानं सोडली होती. आता ती घ्यायला कुणीतरी येत होतं.

पावलं लांबून येत होती, सावकाश, न थांबता. ती अर्ध्या वाटेवर आली असतील-नसतील, तोवर त्यानं छकुलीला उचललं. फटीतून आधी तिला बाहेर काढलं, मग स्वतः निघाला. शर्ट फाटला, पाठ सोलवटली. मागून पावलं भिंतीपर्यंत आली आणि भिंतीपाशी थांबली नाहीत. तो बोळात पोचला तेव्हा घराची कडी आतून सरकली.

८

संध्याकाळी अंजली कचेरीतून आली तेव्हा तो बोळाच्या तोंडाशी, लिंबाखाली उभा होता. फाटका शर्ट, अनवाणी पाय, कडेवर पोर. ती काही अंतरावरच थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून पलीकडं, घराकडं. बराच वेळ पाहिलं.

"घरात कोण आहे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"मग तुम्ही इथं असताना खिडकीतून मला हात कोण करतंय?"

तो वळला नाही. वळायची त्याला हिंमत झाली नाही. अंजलीचा चेहरा मात्र त्याला दिसत होता. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर त्याच्याविषयीचा संशय नव्हता. तिनं आपल्या दंडावरच्या डागाला हात लावला, आणि मग पुढं होऊन छकुलीला त्याच्याकडून घेतलं.

पुढं ते इंदापूरला राहिले. सामान आणायला कुणी गेलं नाही. किल्ली पोस्टानं कळंबला पाठवली. अंजलीच्या भावाला काय सांगायचं ते तिनंच सांगितलं, आणि बुद्धघोषनं पुन्हा कधी पट मांडला नाही. हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी दोघं एसटी स्टँडकडं चालत निघाले. अंजलीच्या खांद्यावरून मागं बघत छकुली हात हलवत होती. बोळाचा कोपरा वळला, घर दिसेनासं झालं, रस्त्याला माणसांची वर्दळ लागली, तरी मागं बघत ती हात हलवतच राहिली.